दोन बोटांची फट

गणपती गेले की आमच्या बाळकुममध्ये चिखल वाळायला लागायचा. आता तिथे चिखलच उरलेला नाही, सगळीकडे सिमेंट आणि फरशा आहेत. तरीही ते ऊन पडलं की मला तो वास येतो. खाडीकडच्या काळ्या मातीचा, थोडा खारट, थोडा कुजलेल्या गवताचा. पितृपक्षातलं ऊन तसं कुणाच्या फारसं आवडीचं नाही. लग्नं नाहीत, खरेदी नाही, नव्या कामाला हात नाही. मान तेवढा कावळ्यांना. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता असं कुणी विचारलं तर मी हा पंधरवडा सांगेन. आणि मी सगळ्यात जास्त जळले ते कधी असं विचारलं, तरी हाच सांगावा लागेल.

यंदाचा पंधरवडा दादाशिवाय आला. माझा मोठा भाऊ माघात गेला. तेव्हापासून ठाकुर्लीच्या माझ्या घरी मी रोज थोडं लिहायला बसते. कॉलेजच्या ग्रंथालयात उभा जन्म गेला, दुसऱ्यांचं लिहिलेलं लावून ठेवण्यात. स्वतःचं लिहायला बसलं की चार ओळी होतात आणि त्यातल्या दोन मी खोडते. आज मात्र खोडायचं नाही असं ठरवलं आहे, कारण आज एका गाडीबद्दल लिहायचं आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला दादाने ती गाडी घेतली. कुणीतरी वापरून सोडलेली, गडद निळी. आमचे बाबा मिठागरावर काम करत म्हातारे झालेले. घरापुढे गाडी उभी राहिली याचंच त्यांना केवढं अप्रूप. त्यांनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. महिन्याभरात दादाने गॅरेजमध्ये नेऊन तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या आणि गाडी खाली बसवून आणली. तेव्हा ठाण्यातल्या पोरांमध्ये ते वेड होतं. बाबा ओट्यावर उभे राहून बघत राहिले.

"गारी घेतलीस का पाट रं? तिचा पोट भुईला टेकलाय."

"बाबा, स्टाईल हाय ती."

"स्टाईल? आरं, बैल असा बसला त मी ढोरांचा डागतर आनतू."

दसऱ्याला गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तेव्हा शेजारचे हसायचे, की हिच्या चाकाच्या आधी पोटच लिंबाला लागेल. दादालाही हसू यायचं. पण हसता हसता तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा, मागच्या चाकापाशी वाकून, टायर आणि त्याच्या वरची पत्र्याची कमान यांच्या मधल्या फटीत दोन बोटं घालून बघायचा. बरोबर दोन बोटांची फट. तिच्यात त्याचा जीव अडकलेला असे.

मला त्या गाडीचा राग होता. आई गेल्याला वर्ष झालं होतं आणि घरात तिघंच उरलो होतो. बाबा बोलले तर बोलायचे. मी कॉलेजातून आले की पुस्तक उघडून बसायची ते दिवा लावेपर्यंत. दादा कंपनीतून येऊन सरळ गाडीकडे जायचा. त्याचे मित्र यायचे, सगळे आत कोंबून बसायचे आणि घोडबंदर रोडला फिरून यायचे. तेव्हा तो रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडीची ओल, आणि खाणींचे ट्रक. मला कधी कुणी चल म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते, पण म्हणायला काय जात होतं? खिडकीत बसून मी त्या गाडीचे मागचे लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत बघायची आणि पानाचा धागा सुटायचा.

मग त्या वर्षीचा पितृपक्ष आला. पावसाळाभर गाडीने जो चिखल गिळला होता तो आता कमानीच्या आत वाळून दगड झाला होता. गाडी खड्ड्यात आपटली की टायर त्या मातीला घासायचा आणि खर्र असा आवाज व्हायचा. दादा त्या आवाजाने दात आवळायचा. दसऱ्याच्या पूजेआधी कमानी आतून साफ व्हायला हव्यात, त्यांना काळा लेप लागायला हवा, असं त्याचं होतं. तसा नियम काही नव्हता. आतलं कोण बघणार? पण त्याचं म्हणणं असं, की आत अगदी काळोखासारखं काळं असलं तरच चाक उठून दिसतं, आणि मुळात बाहेरून तर कुणीही पुसतो.

एका दुपारी तो खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"सुमे, हात दाखव."

"कशाला?"

"दाखव तर."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने गजाखालून तो उलटा सुलटा करून पाहिला. भाजी घेताना बघावं तसा.

"जाईल," तो म्हणाला. "बाहेर ये. तुझाच जाईल."

पुढची चाकं वळवली की तिथे वाट मोकळी होत असे, तिथलं काम तो स्वतः करायचा. प्रश्न होता मागच्या दोन चाकांचा. ती वळत नाहीत. त्यांच्या वरच्या फटीतून दादाचा पंजा जात नव्हता.

"मग चाक काढ ना," मी म्हटलं. एवढं मलाही कळत होतं.

"जॅक आत जात नाही गं. एवढी खाली आहे, जॅकला जागा कुठेय?" आणि त्याने खरोखर जॅक आणून गाडीच्या पोटाशी धरून दाखवला. जात नव्हता.

बसायला त्याने डिकीतून दोन जाड फळ्या काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि वर गोणपाटाचा तुकडा टाकला. मी बसले, ओढणी कमरेला बांधली आणि फटीत हात घातला. मनगट वळवावं लागलं, कोपरापर्यंत पत्रा घासला, पण गेला. आत गार होतं. उन्हात तापलेल्या गाडीच्या आत इतकी गार जागा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काय लागतंय?" दादा माझ्याशेजारी उकिडवा बसून विचारत होता.

"माती."

"कशी? चिकट की भुसभुशीत?"

"वरची भुसभुशीत. आत चिकट."

"चिकट ती आपल्या गल्लीतली. खाडीची. अजून वर जा."

"खडा लागतोय."

"गोल की टोकाचा?"

"टोकाचा."

"घोडबंदरचा. त्या दिवशी खाणीच्या ट्रकच्या मागे अडकलेलो."

असं ते चालू झालं. मी बोटांनी माती फोडायची, मुठीत बाहेर आणायची, आणि तो ती तळहातावर घेऊन सांगायचा. ही लाल माती मानपाड्याच्या पुढची, मित्राच्या बहिणीचं लग्न होतं तेव्हाची. ही रेती नव्या पुलाच्या कामाची. हा गवताचा पुंजका, इथे गाडी रुतलेली, चौघांनी ढकललेली, आणि ढकलताना एक जण तोंडावर पडलेला. पावसाळाभर जिथे जिथे तो मला सोडून गेला होता ते सगळं माझ्या नखांत येत होतं. एकदा बोटांना काहीतरी लुसलुशीत लागलं म्हणून मी दचकून हात मागे घेतला. पुन्हा घालून हळूच उपटलं, तर भाताचं रोप. कुठल्याशा शेताच्या कडेने गाडी गेली असेल, दाणा चिखलात अडकला असेल, आणि अंधारातच तो रुजला होता. पांढराफटक कोंब, उन्हात धरला तर आरपार दिसणारा. दादाने तो ओट्याच्या कडेला लावला. जगला नाही, पण तीन-चार दिवस बाबा त्याला येता-जाता पाणी घालत होते.

माती निघाली की ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग लेप. डांबरासारखा काळा लेप डब्यात यायचा. दादा त्यात थोडं रॉकेल घालून काडीने ढवळायचा. लावायला बाबांचा जुना दाढीचा ब्रश, दांडी कापून आखूड केलेला. मी डोळे मिटून लावत असे. उघडे ठेवूनही आतलं काही दिसत नव्हतंच. पत्र्याचा जोड कुठे आहे, स्प्रिंगची वाटी कुठे, कुठे एक छोटा उंचवटा आहे, हे सगळं मला बोटांनी पाठ झालं होतं.

संध्याकाळी मी फळ्यांवरून उठले की कपड्यांवर मागे काळे तिरपे पट्टे उमटलेले असत. गोणपाट जागचं सरकायचं आणि फळ्यांवरची काजळी लागायची. बाबा बघून म्हणायचे, "काय गो, गारीवर बसून आलीस का गारी तुझ्यावरशी गेली?"

त्या दिवसांत घरात पुन्हा माझा आवाज यायला लागला. मला तो जाणवला नव्हता. मला एवढंच कळत होतं, की त्याच्या इतक्या मित्रांपैकी एकाचाही हात त्या फटीतून जात नाही आणि माझा जातो. ते चहा पीत बाजूला उभे असत आणि मी त्यांच्याकडे बघतही नसे. पुढच्या वर्षी मी वाटच बघत होते. त्याच्या पुढच्याही.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनी कल्याणची. चांगली होती, अजूनही आहे, आणि हेच माझ्या अंगावर यायचं. वाईट असती तर सोपं झालं असतं. तिने पहिल्याच आठवड्यात माझी पुस्तकं नीट पुसून ठेवली, तीही मी लावली होती त्याच क्रमाने. हसायची मोकळी, आणि हात केवढेसे. बांगड्या भरायला आलेल्या कासारणीने तिचा पंजा चेपून पाहिला आणि म्हणाली, पोरीचा हात आहे हा. मी तिथेच बसले होते. तेव्हापासून माझी नजर तिच्या हातांवर.

पहिल्या दसऱ्याला मात्र माझा जीव भांड्यात पडला. तिच्या हातात कोपरापर्यंत काचेचा हिरवा चुडा; फटीत हात घालायचा तर तो फुटणार. मी नेहमीसारखी फळ्यांवर बसले, आणि वहिनी चहा घेऊन आली तेव्हा उगाचच मोठ्याने दादाला म्हटलं, "उंचवटा आला बघ. आता डावीकडे जोड." तिला काही कळलं नाही आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी पितृपक्षाच्या पहिल्याच रविवारी मी वर गॅलरीत वाचत होते. दादा हाक मारेल म्हणून खास घरी थांबले होते. खालून आवाज आला.

"काय लागतंय?"

हाच प्रश्न, अगदी त्याच आवाजात. मी उठून वाकून पाहिलं. वहिनी फळ्यांवर बसली होती. मोजक्या बांगड्या रुमालाने दंडावर बांधून घेतल्या होत्या आणि हात कोपरापर्यंत आत.

"दगड आहे ओ," ती म्हणाली.

"गोल की टोकाचा?"

"अय्या, हा तर त्या देवळाजवळचा! आपण थांबलेलो ना तिथे, शहाळं प्यायला?"

दोघं हसली. मी पुन्हा पुस्तक उघडलं. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मत्सर असा असतो हे मला तोवर फक्त पुस्तकातून माहीत होतं, आणि पुस्तकात तो नेहमी मोठ्या गोष्टींवरून होतो. राज्य, प्रेम, वारसा. माझा मातीवरून झाला. मला नुसती माती मिळाली होती. तिला रस्तेही मिळाले होते. दादाने तिला सांगावं लागत नव्हतं. तिचं तिलाच ओळखू येत होतं.

पुढच्या वर्षी मी ठाकुर्लीला खोली घेतली. डोंबिवलीच्या कॉलेजात नोकरी लागली होती, जवळ पडतं, असं सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण दर पितृपक्षात, ग्रंथालयाच्या खिडकीतून तसं ऊन आत आलं की मी रविवार धरून मनात म्हणायची, आज बसली असेल. बांगड्या वर बांधल्या असतील. आणि कार्डं लावता लावता माझी बोटं आपोआप वळायची, जिथे तो उंचवटा होता तिकडे. सणावाराला मी बाळकुमला जायची, भाच्याला खेळवायची, वहिनीच्या हातचं जेवायची. गाडीकडे मात्र बघायची नाही. माणूस भावाच्या बायकोचा हेवा करतो, त्याच्या घराचा, मुलांचा करतो. मला तिच्या नखांतल्या काळ्या रेघेचा हेवा वाटे. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं तिच्या हातात देताना माझी नजर तिथेच जायची.

वर्षं गेली. आमच्या घराच्या आणि आजूबाजूच्या जागेवर उंच इमारती आल्या. बाबा त्याआधीच गेले. दादा-वहिनी नवव्या मजल्यावर राहायला गेली आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, दोन मोठ्या चकचकीत गाड्यांच्या मध्ये, पाटासारखीच बसून राहिली. दादा तिला रविवारी तेवढी बाहेर काढायचा.

या पितृपक्षात वहिनीचा फोन आला. "सुमाताई, निखिलने गाडी द्यायचं ठरवलंय. एकाला हौस आहे जुन्या गाड्यांची, चांगलं ठेवील म्हणतो. दसऱ्यानंतर नेणार. त्याआधी एकदा साफ करून देऊ. येशील?"

गेले. निखिल माझा भाचा, घोडबंदर रोडला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो आणि वहिनी पार्किंगमध्ये उतरली होती. निखिलने गाडी बाहेर उन्हात घेतली, डिकी उघडली. त्या दोन फळ्या तिथेच होत्या. मी काही न बोलता त्या काढल्या, मागच्या चाकाशी एकावर एक ठेवल्या आणि बसले. गुडघे कुरकुरले. बाह्या वर केल्या.

निखिल जॅक घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"आत्या, ऊठ ना जरा."

"का रे?"

"अगं फळ्या दे ना. तू बसलीयेस त्या."

मी उठले. त्याने फळ्या मागच्या चाकांच्या पुढे एकेक मांडल्या, आत बसून गाडी हळूच पुढे घेतली. दोन्ही चाकं फळ्यांवर चढली. गाडीचं पोट वर आलं, आणि जॅक सरळ, अलगद आत गेला.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"पप्पांनी. ते नेहमी असंच करायचे. आधी फळ्यांवर चढवायची, मग जॅक जातो. म्हणून तर फळ्या डिकीत असायच्या. त्यांनी गाडी बसवली तेव्हाच बनवून घेतलेल्या, गॅरेजवाल्याने सांगितलेलं."

मी फळ्यांकडे पाहत राहिले. त्यांच्यावर टायरच्या नक्षीचे काळे तिरपे पट्टे होते. जुने, एकावर एक, लाकडात मुरलेले. माझ्या कपड्यांवर उमटायचे तेच. बाबा विचारायचे तेही आठवलं, आणि ते दर वेळी दादाकडे बघून हसायचे तेही.

निखिलने चाक काढलं. कमान उघडी झाली. जी जागा मला फक्त बोटांनी माहीत होती ती मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. जोड डावीकडेच होता. उंचवटा म्हणजे साधा एक बोल्ट निघाला. सगळं लहान होतं, मला वाटलं होतं त्याहून फार लहान. दादाच्या शेवटच्या पावसाळ्याची, गेल्या दसऱ्याला काढायची राहून गेलेली माती तिथे चिकटली होती, तळाशी थोडी काळी, वर लाल. एका हाताने पाच मिनिटांत निघाली असती. त्याच्याही हाताने.

निखिल पाण्याचा पाइप आणायला गेला. मी वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"फळ्यांचं? हो. मी हात घालायला लागले, त्याच्या पुढच्याच वर्षी कळलेलं. पंक्चर झालेली गाडी, तेव्हा पाहिलं मी."

"मग पुढे हात का घालत राहिलीस?"

तिने पदराने कपाळ पुसलं. "पहिल्यांदा बोलावलं ना त्यांनी, त्या दिवशी मी बॅग भरलेली. कल्याणला जायला. इथे कुणी बोलायचं नाही माझ्याशी. तू पण नाही बोलायचीस. हे आले आणि म्हणाले, हात दाखव. मग काय विचारू मी, जॅकचं?"

मी उघड्या कमानीतल्या त्या बोल्टवर बोट टेकवलं.

"आणि तुझं सांगू? दरवर्षी ऐकवायचे. सुमीचा हात पार कोपऱ्यात जायचा. सुमी डोळे मिटून लेप लावायची, एक थेंब खाली नाही. कान किटले माझे. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं, तुझा बरा आहे म्हणून." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "तुझं बरं होतं. तुला खरंच वाटत होतं, की तुझ्याशिवाय अडलंय."

मला वाटलं होतं आता तरी आत काहीतरी शांत होईल. तसं झालं नाही. उलट नवीनच काटा रुतला. दादा खोटं माझ्याशीही बोलला होता आणि तिच्याशीही. पण ते खोटं आहे हे कळल्यावरही ते दोघं मिळून जपायचं, वर्षानुवर्षं, न बोलता, हे फक्त तिला मिळालं. मी गॅलरीत उभी राहिले नसते, ठाकुर्लीला गेले नसते, तर कदाचित मलाही कळलं असतं आणि मीही हात आत घालून म्हटलं असतं, माती लागतेय.

निखिल पाइप घेऊन आला. पाणी सोडणार इतक्यात मी म्हटलं, "थांब. चाक परत लाव."

"काय?"

"लाव परत. आणि गाडी खाली घे."

"आत्या, आता तर काढलंय. दोन मिनिटांचं काम आहे—"

"लाव म्हणतेय ना आत्या," वहिनी म्हणाली. "लाव."

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चाक लावलं. फळ्यांवरून गाडी उतरवली. पुन्हा दोन बोटांची फट झाली. या वेळी मी फळ्या एकावर एक ठेवल्या नाहीत, शेजारी शेजारी ठेवल्या. बसायला फार खाली पडत होतं. एकमेकींच्या खांद्याचा आधार घेत आम्ही दोघी कशाबशा टेकलो.

आधी मी हात घातला. बोटं गेली, आणि मुठीच्या हाडांशी अडकली. सांधे सुजलेले आहेत माझे, थंडीत तर अंगठीही चढत नाही. दोनदा वळवून पाहिला. नाही गेला. मी हात काढून घेतला.

वहिनीने बांगड्या मागे सारल्या. बोटं गोळा केली, मनगट वळवलं. तिचा गेला. या वयातही, अगदी कोपरापर्यंत, सहज गेला. आणि इतक्या वर्षांनी, त्याच जागी, त्याच उन्हात, मला तिचा तसाच, जिवंत हेवा वाटला.

मी तिच्याकडे सरकले.

"काय लागतंय?" मी विचारलं.

ती एकदम थांबली. मग हळूच म्हणाली, "खडा."

"गोल की टोकाचा?"

"टोकाचा."

"घोडबंदरचा," मी म्हटलं.

तिने मान हलवली. खडा बाहेर काढला, माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा आत हात घातला.

"अजून आहे गं," ती म्हणाली. "खूप आहे."

"असू दे," मी म्हटलं. "सावकाश काढ."